धूळ भिंगावर नव्हती

मला काही होत नव्हतं. हे सगळ्यांत आधी सांगते, कारण तुमच्यातल्या ज्यांना साखर आहे ते सगळे आत्ता मनात हेच म्हणत असतील. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं, खाजत नव्हता. कंपनीच्या बसमधून बोम्मसंद्र्याला कारखान्यात जात होते, येत होते, स्वयंपाक करत होते, टीव्ही बघत होते. आणि डावा डोळा आपला गुपचूप चालला होता.

आमच्या समाजाच्या वार्षिक अंकात लिहा म्हणून अध्यक्षांनी गळ घातली. मी म्हटलं, माझी शाळा सगळी कन्नडात, मराठी आमची घरातली, बोलण्यापुरती. तर मेघा, माझी मुलगी, म्हणाली, "तू बोल, मी टाइप करते." तेव्हा बोलणं माझं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तिचं. मध्येच ती "आई, हे नको ना लिहूया" म्हणते. ते मी मुद्दाम लिहायला लावते.

माझं काम

आमच्या कारखान्यात पितळेचे बारीक भाग होतात. काही काही तर तांदळाच्या कणीएवढे. मी तपासणीच्या टेबलावर बसायची. उजव्या डोळ्याला ते काळ्या बुचासारखं भिंग लावायचं, डावा डोळा मिटायचा, भाग चिमट्यात धरायचा आणि फिरवून बघायचा. ओरखडा, खड्डा, काळा ठिपका, काही दिसलं की लाल डब्यात. नागरत्ना माझ्या शेजारी बसायची. ती मला रिजेक्ट अक्का म्हणते. माझा स्वभावच तसा आहे. लग्नात पंगतीला बसले तरी आधी केळीच्या पानाला भोक आहे का बघते.

म्हणजे डावा डोळा माझा दिवसभर मिटलेलाच. घरी आल्यावर दोन्ही उघडे, पण तिथेही पुढारपण उजव्याकडे. डाव्याला कोणी विचारतच नव्हतं. घरात एखादं माणूस कोपऱ्यात बसून असतं, जेवायला हाक मारली की येतं, बाकी कोणाच्या अध्यात ना मध्यात, तसा तो होता. त्याचं काही बिघडलं तर कळणार कोणाला?

चष्म्याचा नंबर मी काढून घेत होते हो. बसस्टँडजवळच्या दुकानात. मेघा म्हणते, चष्म्याचा नंबर वेगळा आणि आतल्या पडद्याची तपासणी वेगळी. आता मलाही माहीत आहे. तेव्हा मला वाटायचं, डोळा म्हणजे नंबर.

फोटोचा दिवस

एक दिवस सुपरवायझर मंजुनाथ सरांनी सांगितलं, ज्यांना ज्यांना शुगर आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर कँटीनमागच्या खोलीत जायचं, डोळ्याचा फोटो काढायला लोक आलेत. आम्ही हसत गेलो. अर्धा तास काम नाही, एवढंच आम्हाला कळलं होतं. खोलीच्या खिडकीला काळा पडदा लावला होता. टेबलावर कॅमेरा, शेजारी लॅपटॉप आणि दिव्या नावाची एक मुलगी. मेघाच्याच वयाची असेल.

हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं, आत एक हिरवा ठिपका दिसतो, त्याच्याकडे बघायचं. लख्खकन उजेड पडतो आणि झालं. उजव्याचं चटकन झालं. मग डावा.

"अम्मा, हिरव्या दिव्याकडे बघा," दिव्या म्हणाली.

"बघतेय."

"सरळ बघा."

"सरळच बघतेय की!"

खरं सांगते, सरळ बघितलं की तो ठिपका नाहीसा व्हायचा. जरा बाजूला बघितलं की यायचा. मला वाटलं, हिच्या दिव्याची वायर सैल आहे. कशीबशी माझी मान वाकडी करून तिने फोटो काढला आणि तो लॅपटॉपवर आला. मी उठून बघायला गेले. सगळं नारिंगी, त्यात लाल शिरा, आणि जागोजाग काळपट लाल ठिपके. मधोमध पिवळे कण सांडलेले.

आता माझा जन्म गेला ठिपके बघण्यात. मी म्हटलं, "अगं, तुझ्या भिंगावर धूळ बसलीय. पूस ते."

"नाही अम्मा, भिंग स्वच्छ आहे."

"नाही काय? हे काय मग? पूस आधी."

बिचारीने पुसलं. माझ्यासारख्या बाईशी कोण वाद घालणार? पुन्हा हनुवटी, पुन्हा कपाळ, पुन्हा उजेड. ठिपके होते तिथेच. मी म्हटलं, "नीट पुसलं नाहीस. आधी हवा मारायची, मग पुसायचं." मागे रांगेतल्या बायका हसायला लागल्या. नागरत्ना म्हणाली, "अय्यो शारदक्का, इथे पण रिजेक्ट?" दिव्याने तिच्या पेटीतून हवेचा फुगा काढला, हवा मारली, मग पुसलं. पुन्हा फोटो. पुन्हा तेच ठिपके, त्याच जागी.

आमच्या कामात एक साधी रीत आहे. ठिपका भागावर आहे की भिंगावर अशी शंका आली, तर भाग बदलायचा. दुसऱ्या भागावरही ठिपका तिथेच दिसला तर भिंगाचा दोष. दिसला नाही तर पहिल्या भागाचा. नवी मुलगी कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. म्हणून मी म्हटलं, "नागरत्ना, तू बस."

नागरत्ना बसली. तिलाही शुगर आहे, माझ्याआधीपासून. तिचा फोटो आला. नारिंगी, स्वच्छ, शिरा जिथल्या तिथे, एक डाग नाही.

मी दिव्याला म्हटलं, "सरी, ठीक आहे. भिंग चांगलं आहे." आणि माझ्या टेबलावर जाऊन बसले.

तिने मागून येऊन सांगितलं, याच आठवड्यात मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात जा, उशीर करू नका. मी मान हलवली. सुट्टी होईपर्यंत काम केलं, आणि चांगलं केलं. त्या दिवशीचा एकही भाग परत आला नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसून नागरत्ना नुसती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

बसमध्येच मी जन्मात पहिल्यांदा उजवा डोळा हाताने झाकला. समोर ड्रायव्हरच्या मागे फलक आहे, 'गाडी चालू असताना बोलू नये', कन्नडात. दोन्ही टोकांचे शब्द होते. मधले नव्हते. तिथे काळं काही नव्हतं, हे लक्षात ठेवा. लोकांना वाटतं अंधार दिसतो. काहीच दिसत नाही, राखाडी पुसट, ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. मी हात खाली घेतला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला भीती वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांचं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "अगं, कॅमेऱ्यावर धूळ असेल."

म्हटलं, "नाही. बघितलं मी."

दवाखाना

मोठ्या दवाखान्यात पहिलं काम थेंबांचं. ते चुरचुरतात. मग डोळे मिटून बसायचं, बाहुली मोठी होईपर्यंत. परत परत थेंब. आमच्या ओळीत सगळेच डोळे मिटून, मान मागे टाकून. कोणाला मोबाइल दिसत नाही, म्हणून लोक बोलतात. शेजारच्या, के. आर. पुरमच्या कोणी बाई डोळे मिटूनच मला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. तोंड कधी बघितलं नाही मी त्यांचं. उठून गेल्या तेव्हा माझे डोळे मिटलेलेच होते.

मग वेगवेगळ्या यंत्रांपुढे हनुवटी ठेवत फिरायचं. एका यंत्रात पडद्याचा आडवा छेद दिसतो, न कापता. निरोगी डोळ्यात मध्यभागी छोटी खळी असते. माझ्या डाव्यात तिथे टेकडी होती. आत पाणी साचलेलं. एकदा हाताच्या शिरेतून रंगाचं औषध घालून फोटो काढले. त्या दिवशी मी नखशिखांत पिवळी झाले होते. मेघा म्हणाली, "आई, तुला हळद लागली." ती हसली, मग तिलाच रडू आलं, मग ती बाहेर गेली.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, हळू बोलणाऱ्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. डाव्या डोळ्यात मधोमध सूज आहे आणि ती कालपरवाची नाही. उजव्यात सुरुवात आहे, मध्यभाग अजून वाचलाय. डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल.

"डोळ्यात?" ह्यांनी विचारलं.

"डोळ्यात."

"नजर परत येईल ना?"

"आहे ती राखायची. आणखी किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. प्रयत्न करू."

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी काय बघत होते सांगू? डॉक्टरांच्या टेबलावरच्या दिव्याला एक स्क्रू नव्हता. दोन होते, तिसऱ्याचं भोक रिकामं. माझ्या मनात एवढंच होतं, की हा दिवा एक दिवस वाकणार. मेघा माझा हात दाबत होती. मला तो हात जाणवत होता, पण दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा.

लोक मला नंतर म्हणाले, शारदा फार धीराची. कसला धीर घेऊन बसलात! धीर असता तर मला कळला असता. मी आतून बधीर झाले होते, आणि ते कित्येक महिने तसंच राहिलं. हे मुद्दाम सांगते, कारण तुमचंही असं झालं तर तुम्हाला वाटेल आपण दगड आहोत. दगड नाही हो. तसं होतं.

ह्यांनी तेवढ्यात डॉक्टरांना विचारून स्क्रीनचा फोटो काढला आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मी बाहेर येईपर्यंत येलहंक्यापासून सगळीकडे माझा डोळा पोचला होता. कोणी हात जोडले, कोणी विचारलं हे पोटाचं स्कॅनिंग आहे का. येलहंक्याची माझी थोरली बहीण, तिचा लगेच फोन. अक्का इतकी रडली, इतकी रडली, की मीच तिची समजूत घालत बसले. माझ्या वाटचंही तीच रडली. मग नाक ओढत म्हणाली, "देवीला चांदीचे डोळे बोललेय मी तुझ्यासाठी. आणि रोज रात्री डोळ्यात मध घाल."

म्हटलं, "अक्का, देवीला डोळे घाल. माझ्या डोळ्यात काही घालू नको."

खुर्ची

कंपनीने मला तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलं. मंजुनाथ सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "शारदम्मा, स्वल्प दिवस. डाव्या डोळ्याने पाटीवरची खालची ओळ वाचली की परत या. नियम आहे, दोन्ही डोळे पाहिजेत."

मी म्हटलं, "सर, डावा मी कामात कधी उघडलाच नाही!"

"नियम आहे, अम्मा."

पॅकिंगमध्ये खोक्यात पुठ्ठे घालायचे, चिकटपट्टी मारायची. काम काही कमी दर्जाचं नाही, तिथल्या बायका चांगल्या आहेत. पण मला माझी खुर्ची पाहिजे होती. तपासणीच्या टेबलावर मी कोणाच्या हाताखाली नव्हते. मी नाही म्हटलं की माल जायचा थांबायचा. घरात माझं कोण ऐकतं? तिथे ऐकायचे. तेव्हा माझं सगळं त्या एका टेकडीवर अडलं होतं. ती उतरली, मधलं दिसायला लागलं, तर खुर्ची परत. नाहीतर पुठ्ठे.

सुई

सगळ्यांना हेच विचारायचं असतं, डोळ्यात सुई टोचतात तेव्हा काय होतं. तर ऐका. टोपी घालतात, कपाळावर डाव्या बाजूला पट्टी चिकटवतात, म्हणजे चुकून उजव्यात नको. तरी प्रत्येक जण येऊन विचारतो, "कुठला डोळा, अम्मा?" डावा, डावा, डावा. नाव विचारतात, मग पुन्हा डोळा. मला ते फार आवडलं. काम असंच करायला पाहिजे.

बधीर करायचे थेंब घालतात. पापण्यांना चाप लावतात, तो सुईपेक्षा वाईट. मिटावं असं वाटतं आणि मिटता येत नाही. डॉक्टर म्हणतात, वर बघा. मग एक दाब. दुखणं नाही, दाब. आणि आत औषध उतरताना काळे गोळे तरंगताना दिसतात, पाण्यात शाई पडावी तसे. झालं. त्याला बोलण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. आदल्या दिवशीचा दिवस मात्र फार मोठा असतो.

तिथली एक सिस्टर दर वेळी शेवटी म्हणायची, "वेरी गुड, अम्मा. हललाच नाहीत." तुम्ही हसाल, पण मी त्या वेरी गुडची वाट बघायचे. या वयात कोण म्हणतं आपल्याला वेरी गुड? पोळ्या गोल झाल्या म्हणून कोणी म्हणालंय का कधी?

घरात

घरात मेघाने राज्य हातात घेतलं. भात बंद. साखरेचा डबा गायब. सकाळी बोट टोचून साखर बघायची आणि तिला ऑफिसात फोटो पाठवायचा. कंप्युटरवर वाचून वाचून ती माझ्यापेक्षा जास्त आजारी पडली. एकदा ह्यांनी दुकानातून येताना माझ्यासाठी ओबट्टू आणला, पुरणपोळीच ती, इथली पातळ. गौरीचा सण होता, सवयीने आणला. मेघाने तो ह्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अन्न आहे ते!" हे ओरडले.

"अप्पा, तिचा डोळा चाललाय आणि तुम्ही तिला गूळ खायला घालता?"

"माझी बायको आहे ती. मला काळजी नाही?"

"काळजी? तुम्ही नुसते फोटो फॉरवर्ड करता!"

हे जेवणाच्या ताटावरून उठून गेले. मेघा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. मी एकटी जेवले. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, आणि सार, वर पाणी प्यायले, ताटं घासली. दोघं माझ्यावरूनच भांडत होती आणि मला त्यात पडावंसंही वाटलं नाही. आता हे सांगताना मेघा टाइप करायची थांबलीय. लिही गं, लिही. घरोघरी मातीच्या चुली, लोकांना काय माहीत नाही?

दर महिन्याला सुईच्या आधी छेदाचा फोटो. टेकडी थोडी थोडी उतरत होती. हे प्रत्येक फोटो ग्रुपवर टाकायचे, आधीचा आणि आताचा शेजारी शेजारी लावून. दुकानात लॅमिनेट करून एक संच घरी आणला. म्हटलं, "भिंतीला लावा आता, देवाशेजारी." म्हणाले, "लावीन की! मोठी माणसं लावतात ना स्वतःचे फोटो, तुझा डोळा लावीन." सकाळी चहा घेताना ते संच समोर पसरून बसायचे, आणि मी मोरीशी उभी राहून भांडी विसळायचे. त्यांना ते चढउतार सगळे पाठ झाले होते. मला मात्र टेकडी उतरतेय आणि मधलं काही उगवत नाहीये, हे कळत होतं. मी बोलले नाही. सांगण्यासारखं वाटायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं.

डॉक्टर दर वेळी आठवण करायच्या, "उजव्याचाही फोटो ठरल्या वेळी काढायचा हं. तो चुकवू नका." मी म्हणायचे, बघू. उजव्याने दिसत होतं ना.

शेवटची टेकडी

मग तो दिवस आला. डॉक्टरांनी स्क्रीन वळवली आणि त्यांच्याच चेहऱ्यावर हसू होतं. टेकडी नव्हती. मधोमध छोटी खळी, पाहिजे तशी. "बघा, किती सुंदर आलंय," त्या म्हणाल्या. ह्यांनी पटकन फोटो काढला, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, आणि "बाहेर रेंज आहे" म्हणत निघालेच. मेघा ऑफिसात होती, तिला आधी पाठवायचा होता.

खोलीत मी आणि डॉक्टर राहिलो. त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि पाटी वाचायला सांगितली. मला वरचं मोठं अक्षर मान तिरकी करून सापडलं. त्याच्या खालचं नाही. त्यांनी काच बदलून बघितली, पुन्हा बदलली. मग काचा खाली ठेवल्या आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. सूज गेली, म्हणाल्या, पण पाणी फार दिवस साचून होतं. तिथल्या बारीक पेशी त्यात मेल्या. फोटो चांगला आला म्हणजे नजर तेवढी येते असं दर वेळी होत नाही. आणखी बिघडणार नाही, एवढं आपण मिळवलंय.

"म्हणजे मधलं येणार नाही," मी म्हटलं.

"नाही, अम्मा. मला नाही वाटत."

"सरी," म्हटलं. पदर सारखा केला आणि बाहेर आले. खुर्ची गेली, एवढं डोक्यात आलं. तेही दुसऱ्या कोणाची गेल्यासारखं.

दवाखान्यासमोर एक दर्शिनी आहे, उभ्याने कॉफी प्यायची. हे दोन कॉफी घेऊन उंच टेबलाशी उभे होते आणि फोन किणकिणत होता. "ऐक," म्हणाले, "मेघाने बघ किती हार्ट पाठवलेत. मंगळूरचे काका म्हणतात, अभिनंदन सूनबाई. अक्काने तर बोलूनच पाठवलंय, ऐकायचंय?" अक्का फोनमधून रडत होती, आनंदाने. देवी पावली, देवी पावली. हे एकेक वाचून दाखवत होते. इतके खूश मी त्यांना मेघा झाली तेव्हाच बघितलं होतं.

मी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने त्यांच्याकडे बघितलं.

शर्टाची कॉलर होती. दोन्ही कान होते. डोक्यावरचे विरळ केस होते. मध्ये तोंड नव्हतं. त्या पुसट राखाडीतून आवाज येत होता, "आणि हे बघ, पाटील मास्तर लिहितात..."

"अहो," मी म्हटलं. "तुमचं तोंड दिसत नाही."

वाचणं थांबलं.

"म्हणजे?"

"डाव्याने. फोटो चांगला आलाय, पण मधलं येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या."

गल्ल्यावरचा माणूस टोकनचा नंबर ओरडत होता. मग त्या राखाडीतून ह्यांचा नेहमीचा आवाज आला. "अजिबात दिसत नाही?"

"कान दिसतात."

"मग झालं की. माझ्यात बघण्यासारखे तेवढे कानच. सासरेबुवांनी कानच बघून मुलगी दिली होती."

मला हसू आलं. किती महिन्यांनी, देव जाणे. हसता हसता मी उजव्या डोळ्यावरचा हात काढला.

हे रडत होते. ओठ दाबून धरलेले, गालांवरून पाणी खाली, हनुवटीवरून कॉलरवर. आवाजात त्यातलं काही म्हणजे काही आलं नव्हतं. मी हात काढला तसे ते एकदम वळले आणि रुमाल शोधायला लागले.

तेव्हा मला भीती वाटली. इतके महिने कुठे दडली होती कोण जाणे, सगळी एकदम आली, टेबलाला धरलं मी. डावा गेला त्याची नव्हे. मला वाटलं, हा उजवाही गेला, तर हा माणूस असाच थट्टा करत राहील आणि तो रडतोय हे मला कधी कळायचंच नाही.

मी तिथे, चार माणसांत, मोठ्याने रडले. हे म्हणत राहिले, "अगं, अगं, लोक बघतात." बघू देत. रडून झाल्यावर त्यांच्या हातातला रुमाल घेतला, नाक पुसलं, आणि म्हटलं, "चला परत आत. उजव्याच्या फोटोची तारीख घेतलेली नाही मी."